सात कंदिलांची टेप

अप्पांच्या कानांनी आधी सायकलची घंटी सोडली, मग कपबशीचा किणकिणाट, आणि सगळ्यात शेवटी माझा तार षड्ज. म्हणजे मी वर जाऊन सा लावून उभी आहे, छाती फुटायची वेळ आली आहे, आणि अप्पा समोर बसून विचारतायत, "लाव की गं, थांबलीस कामून?" पहिल्यांदा मला वाटलं, चेष्टा करतायत. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खाली बसले. जाड आवाज त्यांना नीट ऐकू येत. डग्गा यायचा, बैलगाडी यायची, अव्वाचं, म्हणजे आमच्या आईचं, खोकणं यायचं. बारीक आवाज मात्र एकेक करून निघून गेले. आयुष्यभर गाणं शिकवलेल्या माणसाला हे किती लागलं असेल, हे मला तेव्हा कळलं नाही. मी वीस-एकवीस वर्षांची होते आणि मला फक्त एवढंच कळलं, की आता मला इथं शिकवणारं कुणी उरलं नाही.

आमचं घर बिदरजवळ नौबादला होतं, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. सकाळी अप्पांची लिंगपूजा झाली की त्या पडवीत शिकवणीची पोरं येऊन बसत आणि पेटी सुरू होई. आत अव्वा उखळात शेंगाची चटणी कुटायची, ती पेटीच्या लयीत कुटायची की पेटी तिच्या लयीत चालायची, हे सांगणं कठीण. अप्पा शाळेत कन्नड बोलत, पोरांना मराठीत रागवत, बाजारात उर्दूत भाव करत, आणि गाताना यातलं काहीच बोलत नसत, नुसते आकार लावत. पुंडीची, म्हणजे अंबाडीची भाजी, कडक भाकरी आणि सुट्टीच्या दिवशी चुरमुऱ्यांचा सुसला, एवढ्यावर घर चाले. कुणी उपाशी नव्हतं, कुणी फार खूशही नव्हतं. अव्वाला दमा होता. मंठाळला वाटणीची थोडी जमीन होती, ती कुणी तरी जाऊन बघावी लागे. हे सगळं करायला घरात एक धडधाकट माणूस लागे, आणि ते माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ असणार, असं त्याच्या जन्मापासून ठरलेलं होतं.

त्याचं नाव मल्लिकार्जुन. मी त्याला अण्णा म्हणायची. अप्पांनी त्याला इंजिनिअर करायला मुंबईला पाठवलं. दोन वर्षं पत्रं आली, सगळं ठीक चाललंय म्हणून. मग एक पत्र आलं, त्यात त्यानं सरळ लिहिलं होतं की कॉलेज सोडून वर्ष झालं, मी गिटार वाजवतो, आमचा चौघांचा बँड आहे, नाव 'सेव्हन लँटर्न्स'. अप्पांनी ते नाव मराठीत करून अव्वाला सांगितलं. अव्वानं विचारलं, "सात कंदील, मग माणसं चारच कशी? तिघं कुठं गेले?" एवढ्या वाईट दिवशीही मला हसू आलं होतं. त्यानंतर अव्वा एक दिवस जेवली नाही आणि अप्पा मंठाळला निघून गेले. दोन दिवसांनी परत आले ते उत्तर ठरवूनच. "तू काय वाजवतोस ते पाठव," त्यांनी मला लिहायला लावलं. "मी ऐकतो. त्यात काय असेल तर तिथं राहा. नसेल तर निमूट घरी ये, मामांनी तुझ्यासाठी बिदरात नोकरी बघून ठेवलीय, ती महिनाभर थांबेल."

अण्णानं उलट टपाली कबूल केलं. तेवढा विश्वास त्याचा अप्पांवर होता, आणि स्वतःवरही असावा.

आता माझं सांगते, कारण या प्रकरणात माझंच काय ते पणाला लागलं होतं. धारवाडच्या एका बाईंनी मला शिकवायचं कबूल केलं होतं. अप्पांनीच स्वतः जाऊन त्यांना विचारलं होतं. "माझे कान गेलेत, पोरीचा गळा जाऊ नये," असं ते तिथं म्हणाले होते, हे मला बाईंनी नंतर कधीतरी सांगितलं. पण अप्पांनी मला पडवीत बसवून एक गोष्ट स्वच्छ सांगितली. "गौरव्वा, दोघांपैकी एकानं घरी राहावं लागंल. मल्लू आला तर तू धारवाडला जा. मल्लू आला न्हाई तर..."   अण्णाची टेप वाईट निघाली तर मी सुटणार, चांगली निघाली तर अडकणार. आणि त्या टेपची चिरफाड करायचं काम कुणाचं? अप्पांना बारीक ऐकू येत नाही, म्हणून माझं. देव कधी कधी फार खट्याळपणा करतो.

टेप आली ती मोठ्या स्पूलवर, चपट्या खोक्यात. सोबत पत्र होतं. अण्णानं लिहिलं होतं, या संगीताला सायकेडेलिक रॉक म्हणतात, परदेशात पोरं यापायी वेडी झालीत. एका कॉलेजात भर कार्यक्रमात हे वाजवलं, तिथल्याच एकानं चांगल्या यंत्रावर धरून ठेवलं. आधी काहीच ठरवलं नव्हतं. एक सूर पकडून ठेवायचा आणि त्यावर ज्याला जे सुचेल ते त्यानं वाजवत जायचं. मी वाचून दाखवलं तसं अप्पांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. "म्हंजी उपज," ते म्हणाले. "नाव काय बी देऊ देत. उपज हाय."

टेपरेकॉर्डर नौबादात कुणाकडे नव्हता. शेतकी कचेरीत बिरादार म्हणून एक साहेब होते, त्यांच्याकडे होता. बी-बियाण्यावरची, कीड मारायच्या औषधांवरची भाषणं ते त्यावर भरून गावोगाव ऐकवत. त्यांची मुलगी अप्पांकडे शिकायची, म्हणून तीन दिवसांसाठी यंत्र मिळालं. शिपायानं ते सायकलला बांधून आणलं, फडक्यात गुंडाळलेलं. स्पूल कसं लावायचं, कुठलं बटण दाबायचं, ते त्यानं दाखवलं आणि बाकी कशाला हात लावू नका म्हणून बजावून गेला. आम्ही लावला नाही. आम्ही आज्ञाधारक माणसं.

अप्पांची ऐकायची एक पद्धत होती. कुठलंही गाणं ते तीनदा ऐकत. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. दुसऱ्यांदा फक्त लय बघायची. समोर ताट घ्यायचं आणि प्रत्येक समेला तुरीचा एक दाणा ताटात टाकायचा. सम चुकली तर दाणा हातातच ठेवायचा. तिसऱ्यांदा सूर, ते वहीत लिहायचे. या तिन्ही वेळा झाल्याशिवाय कुणाबद्दल चांगलं-वाईट बोलायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. शिकवणीच्या पोरांनासुद्धा ते असंच ऐकायला लावत आणि पोरं ताटातले दाणे खाऊन टाकत.

पहिल्या दिवशी दुपारी दार लोटून आम्ही बसलो. अप्पा यंत्राला कान लावून, मी भिंतीला टेकून, अव्वा दारात सूप घेऊन. स्पूल फिरू लागलं. आधी नुसती घरघर, मग पेटीसारखं काहीतरी खोल दोन सुरांवर उभं राहिलं आणि हललंच नाही. त्यावर ढोलाचे ठोके, एकेक, लांब लांब. झांज वाजे ती पाण्यात बुडवून वाजवावी तशी. मधूनच लोक ओरडत, पण ते ओरडणं असं काही जाड आणि लांबलचक की अव्वा सूप ठेवून म्हणाली, "हे कुठं वाजवलंय गं? म्हशी हंबरायल्यात की!" अप्पांनी हातानं गप्प केलं. आणि मग अण्णाची गिटार आली. मला गिटारचा आवाज रेडिओवरून माहीत होता. हा तसा नव्हताच. बीनेसारखा, म्हणजे रुद्रवीणेसारखा जड, ओढलेला, एका सुरातून दुसऱ्यात जायला त्याला कितीतरी वेळ लागे. गंधारावर तो आला आणि तिथंच थांबला. आता पुढं जाईल, आता जाईल, म्हणून मी श्वास धरला. तो गेला नाही. मग गेला.

माझी नजर अप्पांकडे गेली. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि गालावरून पाणी वाहत होतं. कितीतरी महिन्यांनी ते असं गाणं ऐकत होते ज्यातला एकही सूर त्यांच्या कानातून निसटत नव्हता. सगळं जाड होतं, सगळं खाली होतं, सगळं त्यांचंच होतं. टेप संपली तेव्हा घड्याळात एक तास चार मिनिटं झाली होती. पद्धतीप्रमाणे ते काही बोलले नाहीत. उठून पडवीत गेले आणि बराच वेळ लिंबाकडे बघत उभे राहिले. अव्वानं मला हळूच विचारलं, "वाईट हाय का?" मी म्हटलं, "तिसऱ्यांदा ऐकल्याबिगर बोलायचं न्हाई." "अय्यो, तू बी?" ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी दाणे. ढोल चार-चारांनी चालला होता, अप्पांनी सोळाचा विलंबित त्रिताल धरला आणि तो बसला. दाणे पडत गेले. तासाचा शेवटचा चौथा हिस्सा उरला असेल, तिथं ढोल घसरला. मी दाणा हातात धरून बसले. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं, पेटीसुद्धा बंद पडली. उरली फक्त गिटार, आणि ती दोनच सुरांवर आली होती. गंधार, मध्यम. गंधार, मध्यम. बाकी सगळं टाकून दिलेलं. तसंच ते चालत राहिलं आणि हळूहळू पेटी परत आली, ढोल परत आला, आणि शेवटपर्यंत त्या दोन सुरांभोवती बाकीचे वाजवत राहिले. अप्पा टेप संपेपर्यंत थांबले, मग त्यांच्यानं राहवलं नाही, स्वतःचाच दंडक मोडून ते म्हणाले, "सगळं येत असून सोडून दिलंय पोरानं. हे साठीत येतंय माणसाला."

तिसऱ्या दिवशी मी सूर लिहिले. धानी रागासारखे, गंधार आणि निषाद कोमल, अधूनमधून एखादा चुकार रिषभ. इथं एक कबुली देते. लिहिताना मी खोटं लिहू शकले असते. वर काय चाललंय ते अप्पांना माझ्याशिवाय कोण सांगणार होतं? इथं बेसूर आहे, तिथं घसरलंय, असं चार ठिकाणी म्हटलं असतं तर पुरे होतं. दुपारभर माझ्या डोक्यात धारवाडचं स्टेशन होतं. पण पेन्सिल हातात घेतली की हात अप्पांच्या पद्धतीनंच चाले, मी काय करू? वहीत आलं ते खरंच आलं. त्याचा मला अभिमानबिभिमान काही नाही. तेव्हाही माझा जीव चरफडत होता.

संध्याकाळी अप्पांनी पत्र सांगितलं आणि मी लिहिलं. "चि. मल्लिकार्जुन यास अनेक आशीर्वाद. तुझं वादन एक तास चार मिनिटं, असं तीन वेळा ऐकलं. घाई नाही. दोन सुरांच्या मध्ये तू थांबतोस. हे मी तुला शिकवू शकलो नव्हतो, तुझं तू शिकलास. शेवटी सगळं सोडून दोन सुरांवर आलास तिथं मी तुला नमस्कार केला. मुंबईतच राहा. घरची काळजी करू नकोस, गौरव्वा आहे." शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला. अप्पांनी विचारलं, "लिवलीस का?" मी म्हटलं, "व्हय." आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्र परत द्यायला निघाले. शिपाई सायकल घेऊन पुढं, मी टेपचं खोकं आणि पत्र पिशवीत घालून मागं. बिरादार साहेब कचेरीत एकटेच होते. हौशी माणूस, म्हणाले, "बघू तरी भाऊ काय वाजवतो," आणि त्यांनी स्पूल चढवलं. सुरू झाल्या झाल्या हसायला लागले. "अगं, हे तुम्ही असंच ऐकलं? हा खटका कमी वेगावर हाय. भाषणाला टेप जास्त पुरावी म्हणून आम्ही कमी वेगावर भरतो. हे गाणं मोठ्या वेगावर धरलंय, दुप्पट." त्यांनी यंत्राच्या बाजूचा एक खटका फिरवला, ज्याला आम्ही हात लावला नव्हता.

मी तिथल्या लाकडी बाकावर बसून होते. म्हशी गेल्या आणि त्यांच्या जागी पोरं शिट्ट्या मारायला लागली. ढोल पळत सुटला. पेटी चिरकायला लागली. आणि अण्णाची बीन, ती बीन नव्हतीच, ती एक किंचाळणारी, घाईला आलेली, उड्या मारणारी गिटार होती. गंधारावरचा तो थांबा, ज्यावर मी श्वास धरला होता, तो आला आणि गेलासुद्धा. साहेब कान झाकून जेवायला निघून गेले. "संपल्यावर बंद कर," म्हणाले. मी अर्धा तास एकटी बसून सगळं ऐकलं. एव्हाना मला ते पाठ झालं होतं, म्हणून कुठं काय येणार हे माहीत होतं, पण एकही गोष्ट ओळखीची वाटत नव्हती. परीक्षेत दुसऱ्याच पोराचा पेपर तपासून मार्क दिल्यासारखं झालं होतं.

आता घरात कॉलेजात जाणारा नातू आहे, म्हणजे मामेबहिणीचा. तो मोबाइलवर भाषणं दुप्पट वेगानं ऐकतो. मी म्हटलं, असं का? तो म्हणतो, "वेळ वाचतो, अज्जी." वाचलेल्या वेळात काय करतो कुणास ठाऊक. मला मात्र तो खटका फिरवल्याचा आवाज अजून ऐकू येतो.

मी मुद्दाम मन लावून ऐकलं. मला त्यात वाईट सापडायला हवं होतं, आणि सापडलंही. पहिली दहा मिनिटं नुसता दिखावा. बोटं पळतात म्हणून पळवलेली. रिषभ चुकून लागलेला, मुद्दाम नव्हे. ढोलवाला कच्चा. अप्पांनी ज्याचं कौतुक केलं ते विलंबित इथं औषधालाही नव्हतं. मनात म्हटलं, चला, सुटले मी. घरी जाते, अप्पांना सांगते, आपण चुकलो, पत्र फाडा. आणि तेवढ्यात ती शेवटची जागा आली. ढोल घसरला. कमी वेगात ते ठरवून सोडल्यासारखं वाटलं होतं. इथं स्वच्छ कळत होतं की ढोलवाला हरवला आहे, पेटीवाला घाबरून थांबला आहे, कुणीतरी कुणाला ओरडतं आहे, लोक हुर्यो उडवायला लागलेत. सगळं मोडलं. आणि त्या मोडण्यात अण्णा दोन सुरांवर आला. गंधार, मध्यम. दिखावा गेला, पळणं गेलं. ते दोन सूर तो असे शांत, सरळ, एकसारखे वाजवत राहिला की ढोलवाल्याला परत यायला जागा मिळाली, मग पेटीवाल्याला मिळाली. एवढ्या गोंधळात हा माझा भाऊ सगळ्यांना हाताला धरून घरी आणत होता. अप्पांचा निकाल साफ चुकला होता, पण माणूस ओळखण्यात ते चुकले नव्हते. हे कुणाला शिकवता येत नाही. माझ्यात होतं की नाही, मला माहीत नव्हतं.

कचेरीपासून टपालपेटी पन्नास पावलांवर. मी पेटीसमोर किती वेळ उभी होते, आठवत नाही. अप्पांना सांगितलं असतं तर त्यांनी यंत्र परत मागवलं असतं, खऱ्या वेगानं ऐकलं असतं, आणि त्यांना काय ऐकू आलं असतं? वरचे सूर गेलेले, नुसती धडधड. तीन दिवस जे गाणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं ते त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखं झालं असतं. हे एक कारण. ते दोन सूर हे दुसरं. लोक नंतर म्हणाले, गौरव्वानं त्याग केला. कसला त्याग! मी पत्र टाकलं तेव्हा अण्णाला शिव्या देत टाकलं. घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, "टाकलीस?" मी म्हटलं, "टाकले." आणि पीठ मळायला बसले.

सात कंदील दोन वर्षांत विझले. एक जण परदेशी गेला, एक बापाच्या दुकानात बसला. अण्णा हॉटेलांतून वाजवू लागला, मग लग्नांतल्या ऑर्केस्ट्रात, मग एका शाळेत पोरांना गिटार शिकवायला लागला. वर्षातून एकदा यायचा, अव्वासाठी औषध आणायचा, चार दिवसांनी जायचा. धारवाडच्या बाईंनी एक वर्ष वाट पाहिली. मी बिदरच्या एका शाळेत प्रार्थना बसवायची नोकरी धरली. मंठाळच्या फेऱ्या, अव्वाचा दमा, अप्पांना मोठ्यानं ओरडून सगळं सांगणं, यात गळा जो बसला तो बसलाच. स्थळं आली, पण घर कुणावर टाकून जायचं म्हणून परत गेली. अप्पा शेवटपर्यंत प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "माझ्या पोरासारखं विलंबित तुम्ही ऐकलं न्हाई." मी शेजारी बसून चहा गाळायची. मग अप्पा गेले. मग बऱ्याच वर्षांनी अव्वा.

अव्वाला मंठाळच्या शेतात माती दिली, पाहुणे पांगले, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी घरात आम्ही दोघंच उरलो. अण्णाचे केस पिकले होते. पडवीत भिंतीला टेकून बसला होता, हातात रिकामा कप. एकाएकी म्हणाला, "गौरे, एक सांगू? तुमी ती टेप अर्ध्या वेगानं ऐकलासा."

मी भांडी आवरत होते, तिथंच थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

"अप्पांच्या पत्रात हुतं की. एक तास चार मिनिटं. आम्ही वाजवलं बत्तीस मिनिटं. वाचलं त्याच दिवशी कळलं मला."

"मग कळवलं न्हाईस कामून?"

तो कपात बघत राहिला. "कळवलं असतं तर अप्पांनी बोलवून घेतलं असतं. मला यायचं नव्हतं. वाटलं, चूक यंत्राची हाय, माझी न्हाई, तुमची बी न्हाई. यंत्रानं केलं ते यंत्रानं केलं. तेवढ्यावर मी आजपर्यंत झोपलो."

 मी त्याच्यासमोर खाली बसले. "यंत्रानं केलं न्हाई," मी म्हटलं. "मला ठाऊक झालं हुतं. पत्र टाकायच्या आदी. खऱ्या वेगानं ऐकून मग टाकलं मी."

अण्णाचा चेहरा पांढरा पडला. मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता, अव्वाला माती देतानाही नाही. त्यानं कप जमिनीवर ठेवला. मग म्हणाला, "टाकलीस कामून मग? तुझं धारवाड..."

"शेवटी ते सगळे हरवले ना, तिथं तू दोन सुरांवर आलास. सगळ्यांना सावरलास. म्हणून टाकलं. वाटलं, ज्याला हे जमतंय त्याला घरी बोलवू नये."

 त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "गौरे," तो म्हणाला, "तिथं माझी तार तुटली हुती. त्या गिटारची एक तार तुटली की बाकीच्या सगळ्या आपोआप चढतायत. ढोलवाला माझ्याकडं बघाय लागला म्हणून चुकला. कुठं बी बोट ठेवलं की बेसूर. धड लागणारे दोनच सूर सापडले. तेच वाजवत ऱ्हायलो. दुसरं काय बी येत नव्हतं मला त्या वेळी."

पडवीत ऊन आलं होतं. रस्त्यावरून दूधवाला घंटी वाजवत गेला. मला वाटलं होतं, आपण संतापू, कप भिंतीवर फेकू. तसलं काही झालं नाही. फार थकवा आला, एवढंच. एवढी वर्षं उभी राहिले आणि आता कुणी सांगितलं की बसायचं होतं, तसा. अप्पांनी वेग चुकीचा ऐकला, मी तुटलेली तार मोठेपणा म्हणून ऐकली, आणि अण्णानं तर आमचं पत्रच हवं तसं वाचलं. तिघंही गाणं जाणणारे म्हणवणारे.

"उतरायचं हुतंस की मग स्टेजवरून," मी म्हटलं.

"उतरून कुठं जाणार?"

 एक गोष्ट बोलायची राहिली होती आणि ती त्या दिवशी बोलले नसते तर कधीच बोलले नसते. "अण्णा, तुझ्यामुळं माझं गाणं गेलं. मला त्याचा राग हाय. अजून हाय."

"व्हय," तो म्हणाला. समजूत घातली नाही, कारण सांगितलं नाही. एवढ्या वर्षांत या घरात कुणी तरी मला पहिल्यांदा व्हय म्हटलं होतं.

थोड्या वेळानं त्यानं कोपऱ्यातली पेटी ओढली, धूळ झटकली, भाता उघडून सा धरला आणि माझ्याकडे बघितलं. "कायतरी म्हण की गं."

"न्हाई," मी म्हणाले. तो तसाच सूर धरून बसला. मी उठले, आत गेले आणि दोघांपुरतं पीठ काढलं.